भाताचं शीत, भिजलेलं खरेदीखत आणि केसातलं च्युइंगम

प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही कोल्हापुरातल्या एकाच घरातून आले आहेत. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ कुकरला लावला की गिजगोळा होतो, तो मोकळा कसा करायचा? पावसाचं पाणी घरात शिरून कपाटाचा खालचा खण भिजला, त्यातली खरेदीखतं, उतारे आणि वह्या कशा वाचवायच्या? आणि मुलीच्या केसाला व युनिफॉर्मला चिकटलेलं च्युइंगम साबण-पाण्याला का दाद देत नाही?

वरवर पाहता या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण उत्तरं एकाच जागेपासून सुरू होतात: पाणी त्या वस्तूत शिरतं का, आणि शिरलं तर काय सुटतं? भात आणि कागद दोन्ही ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असतात. तांदळात त्या साखळीला स्टार्च म्हणतात, कागदात सेल्युलोज. मणी एकच, फक्त ओवण्याची पद्धत वेगळी. म्हणून भात आपल्याला पचतो आणि कागद पचत नाही. म्हशीच्या पोटातल्या जंतूंना मात्र सेल्युलोज फोडता येतं, त्यावर तर आपला दुधाचा कट्टा चालतो. पाणी या दोन्ही पदार्थांत शिरतं. च्युइंगमची साखळी रबराच्या जातीची असते. तिला पाणी लागतच नाही, तेल लागतं. एवढं ध्यानात ठेवलं की उपाय चुकत नाही.

आधी भात. घनसाळ हा आखूड, बारीक दाण्याचा सुवासिक तांदूळ. आजऱ्याच्या घनसाळला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा स्वभावच मऊ शिजण्याचा, त्यामुळे बासमतीसारखी लांब सुटी शितं त्याच्याकडून मागू नयेत. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात. सरळ असते ती अमायलोज, फांद्या फुटलेली ती अमायलोपेक्टिन. सरळ साखळ्या जास्त असतील तर भात फडफडीत होतो आणि थंड झाल्यावर ताठरतो. त्या कमी असतील तर शितं एकमेकांना धरून बसतात. इंद्रायणी चिकट होतो तो याचमुळे. तिथे हात सुगरणीचा आहे की नवशिक्याचा, हा मुद्दा नंतरचा.

दुसरी गोष्ट तांदळाच्या वयाची. नवा तांदूळ जास्त चिकटतो. साठवणीत दाण्यातल्या प्रथिनांचे आपसातले बंध घट्ट होतात, दाण्याची भिंत कणखर होते, मग तोच तांदूळ जास्त पाणी पिऊनही फुटत नाही. पण याची किंमत मोजावी लागते. सुवास देणारं द्रव्य उडून जाणारं असतं, त्यामुळे तांदूळ जुना होईल तसा वास उतरतो. घनसाळ घ्यायचा तोच वासासाठी, तेव्हा दोन-तीन वर्षं जुना घनसाळ जास्त पैसे देऊन घेण्यात माझ्या मते काही हशील नाही. कापणीनंतर सहा महिने ते वर्षभराचा घ्यावा. तांबड्या-पांढऱ्या रश्शाबरोबर सुटा भात हवा असेल तर त्या दिवशी जुना कोलम लावावा, आणि घनसाळ वरण-तूप किंवा दूधभातासाठी राखावा. दुकानदार ‘जुना’ म्हणाला तरी पोतं घेण्याआधी दोन चमचे घरी शिजवून बघा. शितावरून भाताची परीक्षा, इथे ती अक्षरशः लागू पडते.

आता कुकरचं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. शिट्टीच्या कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या जवळ जातं. तांदळाचा स्टार्च फुगून मऊ व्हायला बहुतेक जातींना 65 ते 75 अंश पुरतात. म्हणजे कुकरची उष्णता गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि घनसाळसारख्या बारीक दाण्याला तीन शिट्ट्या म्हणजे शिक्षाच. दाण्याच्या कडा फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि त्याची खळ होते. गिजगोळा म्हणजे शितं आपल्याच खळीत चिकटलेली असतात.

याच्या जोडीला सगळ्यांच्या हातून होणारी एक चूक आहे. तांदूळ अर्धा तास भिजवायचा आणि शिजवताना पाणी मात्र न भिजवलेल्याच्या मापाने घालायचं. भिजताना दाणा आपल्या वजनाच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी आधीच पितो. ते वजा केलं नाही तर भात आसट होणारच. बोटाचं पेर बुडवून पाणी मोजण्याची रीतही फसवी आहे. भांडं रुंद असलं की त्याच पेराला पाणी जास्त बसतं, अरुंद असलं की कमी. वाटीनं मोजा.

कुकरची रीत अशी. एक वाटी तांदूळ हलक्या हाताने दोन-तीन पाण्यांतून धुवा. पाणी अगदी नितळ होण्याची वाट बघू नका, किंचित दुधट राहिलं तरी चालतं. जोरात चोळलं तर दाणे मोडतात आणि चुरी आधी शिजून सगळ्याला चिकटते. वीस मिनिटं भिजवा, मग चाळणीत दहा मिनिटं निथळा. डब्यात नव्या तांदळाला दीड वाटी, वर्षभराच्या तांदळाला पावणेदोन वाटी पाणी, चवीपुरतं मीठ, अर्धा चमचा तेल किंवा तूप. तेलानं फेस कमी येतो एवढंच, मोकळेपणा त्यातून येत नाही. डब्यावर ताटली ठेवा, नाहीतर झाकणाला जमलेली वाफ पाणी होऊन वरून भातात ठिबकते. वरचा थर पाणचट आणि खालचा बरा, असं होतं ते यामुळे. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून चार मिनिटं, मग बंद. वाफ आपोआप जाऊ द्या, दहा-बारा मिनिटांत झाकण निघेल. लगेच डबा बाहेर काढा. भात बंद कुकरमध्ये तासभर तसाच ठेवला तर तो आतल्या उष्णतेवर शिजतच राहतो. तांदूळ डब्याविना थेट कुकरमध्ये शिजवायचा असेल तर कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. पेजेचा फेस शिट्टीच्या भोकात जाऊन ते तुंबतं, आणि तसा कुकर धोक्याचा.

खरोखर मोकळा हवा असेल तर मात्र भात वेळण्याला, म्हणजे जास्त पाण्यात शिजवून पेज काढून टाकण्याला, पर्याय नाही. एक वाटी भिजवलेल्या तांदळाला सहा वाट्या आधण ठेवा, पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच तांदूळ वैरा. थंड पाण्यात घातले तर तापमान चढेपर्यंत बाहेरचा थर गळतो. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर सात ते नऊ मिनिटं. सहाव्या मिनिटाला एक शीत काढून अंगठा आणि तर्जनीत दाबून बघा. मध्ये पांढरे ठिपके एकापेक्षा जास्त दिसले तर अजून एक-दोन मिनिटं. एकच बारीक ठिपका उरला की ताबडतोब वेळून टाका. ठिपका पूर्ण जाईपर्यंत थांबलात तर उशीर झालाच. निथळलेला भात परत पातेल्यात घालून, तवा खाली ठेवून, झाकून, अगदी मंद आचेवर पाच मिनिटं मुरू द्या. मग आणखी दहा मिनिटं डाव लावू नका. गरम शीत नाजूक असतं, जरा निवलं की आपोआप सुटं होतं. पेज टाकू नका. मीठ घालून प्या, किंवा सुती साडीला खळ द्यायला वापरा.

भात पिवळसर दिसत असेल तर बोअरच्या पाण्यातला क्षार हे बहुधा कारण असतं. अर्ध्या लिंबाचे चार-पाच थेंब आधणात घातले की पांढरा होतो.

गिजगोळा झालाच तर तो परत मोकळा करता येत नाही. परातीत पसरून वाफ जाऊ द्या आणि फ्रीजमध्ये ठेवा. चार अंशांच्या आसपास स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून ताठ होतात. शिळा भात कडक लागतो तो यामुळे, आणि फोडणीचा भात ताज्यापेक्षा शिळ्याचा चांगला होतो तोही यामुळेच. एक चमचा पाणी शिंपडून झाकून गरम केलं की परत मऊ पडतो. फक्त उन्हाळ्यात शिजलेला भात ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. तांदळात राहणाऱ्या एका जंतूची बीजं शिजवून मरत नाहीत. कोमट भातात ती वाढतात आणि त्यांनी सोडलेलं एक विष फोडणी दिली तरी जात नाही. वास-चव बदललेली नसली तरी उलट्या होऊ शकतात. रात्रीचा भात सकाळी वापरायचा असेल तर तो रात्रीच फ्रीजमध्ये जायला हवा.

याच ओघात एक सांगावंसं वाटतं: भिजलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात खुपसण्यानं काही साधत नाही. दुकानातल्या तांदळात आधीच 12 ते 14 टक्के ओलावा असतो, तो आणखी फारसा ओढत नाही, उलट पावडर आणि कण चार्जिंगच्या भोकात जातात. ॲपलनेही 2024 मध्ये तसं करू नका असं सांगितलं. पंख्याखाली, भोक खाली करून ठेवणं बरं.

भातातून कागदाकडे जायचा रस्ता एका शितातून जातो. डिंक नसताना पाकिटाची कड बंद करायला किंवा पतंगाचा कागद जोडायला शीत चोळण्याची आपल्याकडची जुनी सवय आहे, आणि ती शास्त्राला धरून आहे. ओलं शीत कागदावर दाबून पुढे ओढलं की ते पारदर्शक लेपासारखं पसरतं. तो ओला स्टार्च कागदाच्या तंतूंमध्ये शिरतो, पाणी उडून गेलं की दोन्ही साखळ्या एकमेकींना धरतात. कागदाचे तंतूही आपसात अशाच बंधांनी धरलेले असतात. भिजलेल्या वहीचं फाटलेलं पान जोडायला बाजारातली चिकटपट्टी अजिबात लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. तांदळाच्या पिठाची खळ करा. दोन चमचे बारीक पीठ अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवा, ते एक वाटी उकळत्या पाण्यात धार धरून ओता आणि मंद आचेवर पाच-सात मिनिटं ढवळत राहा. दुधट रंग जाऊन काचेसारखी झाक आली आणि फदफद बुडबुडे फुटायला लागले की झाली. पीठ थेट गरम पाण्यात टाकलं तर बाहेरून शिजून आत कोरडं राहतं, त्याच गुठळ्या. निवल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळा. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची पद्धत आहे, घरात ती नको. मोरचूद विषारी आहे आणि कागदालाही मानवत नाही. भिंतीवरचे पोस्टर गाई चाटून ओरबाडतात ते या खळीसाठीच. लहान मुलंही चाटतात.

आता भिजलेली कागदपत्रं. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी कागदपत्रांचं काय होतं तेही शिकवलं. साधा कागद पूर्ण भिजला की त्याची दहावा हिस्साही ताकद उरत नाही, कारण तंतूंना धरणाऱ्या बंधांच्या मध्ये पाणी जाऊन बसतं. म्हणून पहिला नियम: ओलं पान कोपऱ्याला धरून उचलायचं नाही. त्याखाली प्लॅस्टिकचा ताठ कागद सरकवा आणि त्याच्यासकट उचला.

वेळ फार थोडा असतो. दमट हवेत 48 तासांत बुरशी धरते. तेव्हा आधी निवड करा. सातबारा, आठ-अ यांचे डिजिटल सहीचे उतारे महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा मिळतात, नोंदणीकृत खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही त्यांना पहिला हात लावा: हस्तलिखितं, जुनी पत्रं, फोटो, हाताने लिहिलेली वाटणीपत्रं. जागेवरच मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, पुढे काही बिघडलं तरी मजकूर हाती राहतो.

कागद एकाच दिवशी सुकवून होणार नसतील तर फ्रीझर हा सगळ्यांत मोठा आधार. दहा-पंधरा पानांचे गठ्ठे बटर पेपरमध्ये गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठवा. बुरशी तिथेच थांबते, शाई पसरणं थांबतं, आणि पुढे रोज झेपेल तेवढा एक गठ्ठा बाहेर काढून सुकवता येतो.

चिखल लागला असेल तर वही बंद धरून स्वच्छ पाण्याच्या परातीत हळू बुडवा, ब्रश किंवा बोट लावू नका. हे फक्त बॉलपेन, छापील मजकूर किंवा लेझर प्रिंट असेल तरच. बॉलपेनची शाई तेलकट असते, लेझर प्रिंटरची पावडर (टोनर) प्लॅस्टिकची असते, दोन्ही पाण्याला टिकतात. शाईच्या पेनचं लिखाण, इंकजेट प्रिंट आणि शिक्के धुवायला जाऊ नका, फक्त टिपा. टिपायला टिपकागद, कोरा न्यूजप्रिंट किंवा जुनं धुवट सुती कापड घ्या. छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या कागदाला लागते. वहीत दर दहा पानांनी एक टिपकागद घाला, पहिल्या दिवशी तासातासाला बदला. टिपकागद इतकेही घालू नका की वही फुगून शिवण तुटेल. पंखा लावा, पण पानं उडतील असा थेट झोत नको. ऊन, इस्त्री, हेअर ड्रायर तिन्ही टाळा. तंतू भिजल्यावर जाडीला खूप फुगतो आणि लांबीला नावापुरता, त्यामुळे एकीकडून घाईने सुकलं की कागद लाटा घेतो. थोडी ओल असतानाच पान दोन टिपकागदांत घालून, वर सपाट फळी आणि चार-पाच जाड पुस्तकं ठेवून दोन-तीन दिवस दाबा.

गुळगुळीत चकचकीत कागदाचा, म्हणजे मासिकं, अल्बम, पत्रिका यांचा मात्र नियम उलटा. त्यावर मातीचा आणि चिकट द्रव्याचा लेप असतो. पानं एकमेकांवर सुकली तर वीट होते, ती मग कोणी सोडवू शकत नाही. ती ओली असतानाच एकेक सुटी करा, जमत नसेल तर लगेच गोठवा. चिकटलेले फोटो थंड स्वच्छ पाण्यात ठेवून पाण्याखालीच अलगद सोडवा.

वाळल्यावर मूळ दस्त लॅमिनेट करून आणू नका. उरलेली ओल आत कोंडते, उष्णतेने शाई बिघडू शकते, आणि ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. नोटा भिजल्या असतील तर काळजी नको. भारतीय नोटेचा कागद कापसाचा असतो, त्यामुळे ती खिशात धुतली तरी टिकते. सपाट पसरून सावलीत वाळवा.

भात, कागद आणि च्युइंगम यांतला फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर घरातल्या बेटाडिनचा (जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचा) एक थेंब दहा थेंब पाण्यात घाला. शितावर टाकला की स्टार्चमुळे शीत निळं-काळं पडतं. झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावरही बहुधा निळा डाग उमटतो, कारण शाई पसरू नये म्हणून कारखान्यात त्या कागदाला स्टार्चचा हात दिलेला असतो. वरची पावडर धुतलेल्या, चघळून झालेल्या च्युइंगमवर थेंब तसाच तपकिरी राहतो. त्यात स्टार्च नाही आणि पाण्याला शिरायला जागाही नाही.

एके काळी च्युइंगम चिकूच्या झाडाच्या चिकापासून करत. आज त्याचा गाभा म्हणजे कृत्रिम रबर, राळ आणि मेणासारखे पदार्थ. चघळताना साखर आणि वास लाळेत विरघळून जातात, गाभा तसाच राहतो. दातांना तो चिकटत नाही कारण दात ओले असतात. कोरड्या केसाला आणि कापडाला चिकटतो. गरम पाण्याने धुतलं तर तो आणखी मऊ होऊन विणीत खोल जातो, ती पहिली चूक टाळा.

केसांसाठी कात्री लागत नाही. गोळ्याच्या भोवतीचे केस क्लिपने बाजूला करा. दोन चमचे खोबरेल किंवा शेंगतेल गोळ्यावर आणि त्याच्या खालच्या केसांवर मुरवा, दहा मिनिटं थांबा. मग गोळा बोटांत चोळत टोकाच्या दिशेने ओढत आणा, मुळाकडे नाही. तो तुटक आणि निसरडा झाला की रुंद दातांच्या कंगव्याने काढा, मग शाम्पू. रॉकेल, पेट्रोल, थिनर डोक्याला लावू नका. कातडी भाजते आणि जवळ गॅस असेल तर पेट घेते.

युनिफॉर्मला उलटा मार्ग, थंडीचा. डाग बाहेर राहील अशी घडी घालून पिशवीत भरा आणि फ्रीझरमध्ये दोन तास ठेवा. गोठलेला गाभा काचेसारखा ठिसूळ होतो. बाहेर काढताच, मिनिटाभरात, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. मऊ पडायला लागला की थांबा आणि परत गोठवा. राहिलेल्या पातळ थराला तेलाचा थेंब चोळा, मग त्या तेलकट जागी भांडी घासायचा लिक्विड साबण पाच मिनिटं लावून धुवा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका. वहीच्या पानाला लागलं असेल तर फक्त फ्रीझर, तेल नाही. कागद पांढरा दिसतो तो तंतूंमधल्या हवेमुळे. तेल ती जागा भरतं आणि कागद भजीच्या पुडीसारखा पारदर्शक होतो, तो परत पांढरा होत नाही.

च्युइंगम आणि चॉकलेट एकत्र खाल्लं की च्युइंगम तोंडातच विरघळतं, तेही याच तेलाच्या नियमाने: चॉकलेटमधलं कोकोचं लोणी गाभा सोडवतं.

मुलीनं एखादं गिळलं तर सात वर्षं पोटात राहतं ही समजूत खोटी आहे. गाभा पचत नाही, पण बाकीच्या अन्नाबरोबर काही दिवसांत बाहेर पडतो. रोज अनेक गिळण्याची सवय असेल, पोट फुगत असेल, शौचाला होत नसेल किंवा उलट्या होत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा, कारण क्वचित लहान मुलांत त्याचा गोळा अडकतो. बिनसाखरेचं च्युइंगम दिवसाला बरंच खाल्लं तर त्यातल्या सॉर्बिटॉलने जुलाब होतात. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असलेलं पाकीट त्याच्या तोंडी लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. माणसाला न बाधणारं ते द्रव्य कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं. त्यानं खाल्लंच तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या आणि पाकीटही बरोबर घ्या.